मनुष्य गाऊं कां लागला ?

गांडुळांस ऐकूं येतें कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं चार्लस डार्विननें एकदां आपल्या घरांत एक लहानशी मैफल भरविली होती. मातीनें भरलेल्या कुंड्यांत गांडुळें ठेवून त्यांच्याजवळ धातूची शिटी कर्कशपणें वाजविण्यांत आली. बॅसून नांवाच्या खर्जाच्या सुषिर वाद्यांतून जितका मोठा आणि गंभीर स्वर काढतां येईल तितका काढण्यांत आला. मोठ्यानें ओरडूनहि पाहिलें. गांडुळें ढिम्म हललीं नाहींत. नंतर कुंड्या पियानोशेजारीं टेबलावर ठेवून पियानो शक्य तितक्या जोरानें वाजविला, तरीहि तीं स्वस्थच. परंतु त्याच कुंड्या पियानोच्या अंगावर ठेवून खालच्या सप्तकांतला एक स्वर वाजवितांच गांडुळें तत्काळ बिळांत शिरलीं. स्वर त्यांस ऐकूं आला नव्हता. लांकडांतून मातींत आणि मातींतून अंगांत शिरलेला कंप मात्र त्यांस कळला होता. १८८१ सालीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत त्यानें हा प्रयोग मोठ्या गंभीरपणानें नमूद केला आहे. वाचतांना हंसूं येतें. पण हंसूं ओसरल्यावर ध्यानांत येतें कीं, दहा वर्षांपूर्वीं मनुष्याच्या गाण्याचें मूळ शोधण्याचें धाडस ज्यानें केलें तोच हा माणूस, आणि तो प्रश्न अद्याप त्याचा पिच्छा सोडीत नव्हता.

ह्या माणसाला गाण्याचा कान मुळींच नव्हता. केम्ब्रिजमध्यें शिकत असतां किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरांतलें समूहगान ऐकावयास तो वारंवार जाई, आणि तें ऐकतां ऐकतां कधीं कधीं त्याच्या पाठीच्या कण्यांतून शिरशिरी जाई. गाणाऱ्या मुलांस पैसे देऊन त्यानें आपल्या खोलींतहि त्यांस गावयास लावलें. परंतु विसंवादी स्वर त्यास ओळखतां येत नसे, ताल धरतां येत नसे, आणि साधी चाल गुणगुणावी म्हटलें तर तेंहि साधत नसे. मित्रांना ही गोष्ट ठाऊक झाली तेव्हां त्यांनीं त्याची परीक्षा घेण्याचा परिपाठच पाडला. ओळखीची चाल थोडी जलद किंवा थोडी सावकाश वाजवावयाची आणि ही कोणती म्हणून विचारावयाचें. इंग्लंडचें राष्ट्रगीतदेखील असें वाजविलें म्हणजे तो कोड्यांत पडे. हें सर्व त्यानें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. आपल्यासारख्याला गाण्यापासून आनंद कसा होत असे याचेंच त्यास आश्चर्य वाटे. बार्सेलोना येथील संशोधकांनीं २०१४ सालीं ह्याच्या बरोबर उलट प्रकारचीं माणसें दाखवून दिलीं : त्यांस स्वर-ताल सर्व बिनचूक कळतें, इतर सुखेंहि इतरांसारखींच भोगतां येतात, फक्त गाण्यानें आनंद होत नाहीं. यावरून कळणें निराळें आणि रमणें निराळें असें दिसतें.

डार्विनच्या ठिकाणीं राजा होऊन बसण्याजोगा दुसरा कोणताहि गुण आमच्यांत नाहीं. कानाच्या बाबतींत मात्र आम्ही त्याचे सख्खे बंधु आहों. पांचव्या इयत्तेंत असतांना वार्षिक समारंभाच्या स्वागतगीतासाठीं आम्हांस रांगेंत उभें केलें होतें, तें उंची जुळत होती म्हणून. दुसऱ्या तालमीच्या वेळीं गुरुजींनीं जवळ येऊन हळूच सांगितलें, “तूं नुसते ओठ हलव, आवाज काढूं नकोस.” आम्हीं ती आज्ञा पाळली, आणि पन्नाशी उलटेपर्यंत पाळीत आलों. तेव्हां प्रस्तुत विषयांत आमचा अधिकार गाणाऱ्याचा नव्हे, मार्मिक श्रोत्याचाहि नव्हे. ह्या शोधाचा इतिहास आवडीनें वाचणाऱ्याचा आहे. वाचकांनीं तेवढ्याच बेतानें आमचें म्हणणें ऐकावें.

प्रश्न साधा आहे. अन्नानें शरीर पोसतें, वस्त्रानें थंडी निवारते, भाषेनें एकाचा विचार दुसऱ्यास कळतो. गाण्यानें ह्यांतलें कांहींच होत नाहीं. असें असून गाणें मुळींच नाहीं असा एकहि मनुष्यसमाज आजवर निश्चितपणें दाखवितां आलेला नाहीं. जी गोष्ट निसर्गाच्या हिशेबांत निरुपयोगी, ती सर्वत्र कां असावी ?

ह्या प्रश्नास नव्या शास्त्राच्या भाषेंत पहिलें नांवाजलेलें उत्तर हर्बर्ट स्पेन्सरनें दिलें. १८५७ सालीं ‘फ्रेझर्स मॅगझीन’मध्यें गाण्याचें मूळ आणि कार्य ह्या विषयावर त्याचा निबंध छापून आला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें : मनांत भावना उसळली म्हणजे स्नायु ताणले जातात, कंठ आणि छाती यांचेहि स्नायु त्यांतच आले. म्हणून संतापांत आवाज चढतो, शोकांत कंप पावतो, आनंदांत स्वरांचीं अंतरें मोठीं होतात. हे भावनेचे स्वाभाविक उच्चार वाढवून, नेमके करून मांडले कीं त्यांचें गाणें होतें. अर्थात् आधीं बोलणें, मग गाणें. आमच्याकडील हरिदास निरूपण करतां करतां पदावर येतो तेव्हां बोलणें कोठें संपलें आणि गाणें कोठें सुरू झालें हें सांगतां येत नाहीं. तो अनुभव स्मरला म्हणजे स्पेन्सरचा पक्ष पटूं लागतो.

डार्विननें हा क्रम पार उलटा केला. १८७१ सालच्या ‘दि डिसेंट ऑफ मॅन’ ह्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, आपल्या अर्धमानव पूर्वजांनीं शब्द उच्चारण्यापूर्वींच स्वर काढले, आणि ते जोडीदारास मोहविण्यासाठीं. पक्षी गातात, बेडूक ओरडतात, गिबन नांवाचें वानर तर अर्ध्या अर्ध्या स्वरानें सप्तक चढून उतरतें, असें एका निरीक्षकाच्या आधारें तो सांगतो. त्या आदिम प्रणयाच्या आणि स्पर्धेच्या भावना स्वरांशीं इतक्या घट्ट जोडल्या गेल्या कीं, आजहि गाणें ऐकतांच त्या धूसरपणें जाग्या होतात. वक्ता भावनावश होऊन बोलूं लागला म्हणजे त्याच्या वाणींत चढउतार येतात, ते बोलण्यांतून गाणें निघत असल्याचे नव्हेत, तर बोलण्याखालीं दडलेलें जुनें गाणें वर येत असल्याचे. कल्पना मोठी देखणी आहे, यांत संशय नाहीं. स्पेन्सरला ती अर्थातच मानवली नाहीं. डार्विन वारल्यानंतर १८९० सालीं जुन्या निबंधास पुरवणी जोडून त्यानें दाखवून दिलें कीं, पक्षी विणीचा हंगाम नसतांहि गातात. अंगांत मावेनासा झालेला उत्साह हेंच त्याचें कारण.

प्राण्यांच्या आवाजांत मनुष्याच्या स्वरांचें मूळ पाहण्याची दृष्टि युरोपची मक्तेदारी नव्हे, हें येथें सांगितलें पाहिजे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांपैकीं सिंघण राजाच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा आणि हिशेबाचा अधिकारी, होता. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. ह्या हिशेबनिसानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्यांत जुन्या परंपरेस अनुसरून सात स्वर सात प्राण्यांच्या नांवें मांडले : षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. हा उत्क्रांतिवाद नव्हे, आणि तो ओढूनताणून तसा ठरविण्याची हौसहि आम्हांस नाहीं. परंतु बेडकाला धैवत देण्यांत जी निर्भिड समबुद्धि आहे ती डार्विनला आवडली असती. ह्या शार्ङ्गदेवाकडे आम्हांस पुन्हां एकदां यावयाचें आहे.

डार्विनच्या पक्षाचें पुढें काय झालें ? त्याच्या घराभोंवतीं गाणारे पक्षी बहुधा नर होते, आणि इंग्लंडांतल्या त्या बागेवरून त्यानें सर्व जगाचा अंदाज बांधला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, ज्या गायक पक्ष्यांविषयीं पुरेशी माहिती मिळाली त्यांपैकीं ७१ टक्के जातींत मादीहि गाते असें आढळून आलें. किंबहुना गायक पक्ष्यांच्या मूळ पूर्वजांत नर आणि मादी दोघेंहि गात असावींत असा निष्कर्ष निघाला. मनुष्याच्या बाबतींत तर पुरावा अधिकच बोलका आहे. २०१८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं ८६ लहान समाजांतील ११८ गाणीं घेतलीं, प्रत्येकाचा १४ सेकंदांचा तुकडा काढला, आणि ६० देशांतील ७५० लोकांस तो ऐकवून हें गाणें कशासाठीं असेल असें विचारलें. भाषा अनोळखी, देश अनोळखी. तरीहि लोकांनीं नाचाचें गाणें ओळखलें, मुलाला झोंपविण्याचें गाणें ओळखलें. रोगनिवारणाचेंहि कमीअधिक ओळखलें. प्रेमगीत तेवढें त्यांस ओळखतां आलें नाहीं. ज्या कार्यासाठीं गाणें जन्मास आलें असें डार्विन म्हणतो, त्या कार्याचाच ठसा गाण्यावर सर्वांत अस्पष्ट निघावा, ही गोष्ट त्याच्या उपपत्तीस मारक नसली तरी अडचणीची खास आहे.

दोन्ही पक्ष बाजूला सारून गाण्याला मूळच नाहीं असें म्हणणारा तिसरा पक्ष आहे, आणि तो आजच्या सुशिक्षितांस अधिक जवळचा वाटतो असें आमचें निरीक्षण आहे. विल्यम जेम्स ह्या मानसशास्त्रज्ञानें १८९० सालींच संगीताची आवड ही मनांत मागल्या दारानें शिरलेली गोष्ट मानून तिला जहाज लागण्याच्या पंक्तीस बसविलें होतें. १९९७ सालीं स्टीव्हन पिंकरनें तेंच म्हणणें नव्यानें आणि चटकदारपणें मांडलें. पिकलेलें फळ ओळखतां यावें म्हणून निसर्गानें आपल्याला गोडाची आवड दिली. त्या आवडीचा फायदा घेऊन आपण पक्वान्नें बनवितों. म्हणून पक्वान्न हें निसर्गाचें देणें होत नाहीं. संगीत हें कानाचें पक्वान्न. तें उद्यां नाहींसें झालें तरी मनुष्याच्या बाकीच्या जीवनक्रमांत फारसा फरक पडणार नाहीं, असें त्याचें मत. ह्या मताचा उल्लेख आम्हीं वर्गांत केला तेव्हां विद्यार्थी चिडतील असें वाटलें होतें. ते चिडले नाहींत. गाणें कानांत घालून फिरणाऱ्या त्या मुलांस तें पटलें.

पक्वान्न हें पोट भरल्यानंतरचें असतें. म्हणून भुकेच्या काळांत माणसें गाण्यावर किती श्रम खर्च करीत हें पाहणें उपयुक्त होईल. दक्षिण जर्मनींत डोंगराळ भागांतील कांहीं गुहांत हिमयुगांतील मनुष्यांचे अवशेष सांपडतात. तेथील होले फेल्स नांवाच्या गुहेंत २००८ सालीं निकोलस कोनार्ड ह्याच्या पथकास गिधाडाच्या पंखाच्या हाडाची बांसरी मिळाली. बारा तुकडे जोडल्यावर तिची लांबी सुमारें २२ सेंटिमीटर भरली; तिला पांच भोंकें आहेत, आणि फुंकण्याच्या टोकाशीं हाड तासून खांचा केल्या आहेत. तिचें वय निदान ३५,००० वर्षें. शेजारच्या गाइसेनक्लोस्टर्ले गुहेंतल्या, हाडाच्या आणि हस्तिदंताच्या बांसऱ्या मिळालेल्या थरांचें वय २०१२ सालीं पुन्हां मोजलें तेव्हां तें ४२,००० वर्षांच्याहि मागें गेलें. त्यांतली हस्तिदंती बांसरी पाहण्यासारखी आहे. पक्ष्याचें हाड आधींच पोकळ असतें, हस्तिदंत भरीव. म्हणून कारागिरानें मॅमथच्या दांताचा तुकडा उभा चिरला, दोन्ही अर्ध आंतून कोरले, आणि हवा निसटणार नाहीं अशा बेतानें ते पुन्हां एकत्र चिकटविले. बाहेर बर्फ, पोटाला शिकार, हातांत गारगोटीचें पातें. आणि मनुष्य हा उद्योग करीत बसला आहे!

ह्याहून जुना दाखला म्हणून १९९५ सालीं स्लोव्हेनियांतील दिव्ये बाबे गुहेंत मिळालेलें, भोंकें असलेलें अस्वलाच्या पिलाचें हाड पुढें केलें जातें. तें निआंडरथल मनुष्यानें केलेलें वाद्य कीं श्वापदानें चावलेलें हाड, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि त्यांत पडण्याचें आम्हांस कारणहि नाहीं. कारण जुन्यांतली जुनी बांसरीसुद्धां गाण्याचा आरंभ असूं शकत नाहीं. इतकें सफाईदार वाद्य करणारा हात आधीं कित्येक पिढ्या शिकलेला असला पाहिजे. आणि हाताच्याहि आधीं कंठ होता, टाळी होती, पायाचा ठेका होता. ह्यांतलें कांहींच मातींत टिकत नाहीं. तेव्हां मूळ खणून सांपडणार नाहीं. तें आज चालूं असलेल्या गाण्यांतच शोधलें पाहिजे, आणि शोधतांना ह्या सर्व विद्वानांच्या एका संवयीपासून सावध राहिलें पाहिजे. ती संवय म्हणजे गाणें म्हटलें कीं ऐकणारा डोळ्यांसमोर आणणें. डार्विनच्या उपपत्तींत मादी ऐकते. स्पेन्सरच्या उपपत्तींत कोणीतरी भावना ओळखतो. पिंकरचा माणूस तर निव्वळ चाखणारा आहे. जेथें कोणीच ऐकत नाहीं असें गाणें असतें काय ?

तें आमच्या घरांतच होतें. आमच्या लहानपणीं खेड्यांतील घरीं आजी आणि काकू पहांटे जात्याच्या दोन बाजूंस बसत, खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक, आणि दळण पडूं लागलें कीं ओवी सुरू होई. पुरुषमंडळी झोंपलेलीं. आम्ही आजीच्या मांडीवर डोकें ठेवून अर्धवट जागे. पण आम्ही कांहीं श्रोते नव्हतों, त्या मांडीचा एक भाग होतों, आणि त्या ओव्या आमच्या कानांत शिरण्याआधीं हाडांत शिरत. पुढें गांवांत पिठाची गिरणी आली आणि जातें सणावारापुरतें उरलें. एकदां आम्हीं आजीजवळ हट्ट धरला कीं, ओवी म्हण. ती म्हणाली, “अरे, जात्यावर बसल्याशिवाय कुठली आठवायला ?” तरी पाहूं म्हणून तिनें उजवा हात उचलला आणि हवेंतच खुंटा फिरवूं लागली. चार वेढे झाले तेव्हां पहिली ओवी तिच्या तोंडांत आली.

हें गाणें किती जुनें ? कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे मराठी वाङ्मयाच्या ज्ञात ग्रंथांहूनहि ओवीचें नांव आधीं आढळतें, आणि तेंहि मुसळाच्या घावाबरोबर. हा प्रकार केवळ आमच्याकडचाच नव्हे. ग्रीसमध्यें लेस्बॉस बेटावर दळणाऱ्या बाईच्या तोंडीं तेथील अधिपति पिटॅकस याचें नांव असलेलें गाणें होतें, असें प्लुटार्क सांगतो. अशा कामाच्या गाण्यांवरूनच कार्ल ब्युखर ह्या जर्मन अर्थशास्त्रज्ञानें १८९६ सालीं आपला ‘श्रम आणि ताल’ हा ग्रंथ लिहिला आणि गाण्याचें मूळ कामाच्या लयींत आहे असें मांडलें. अर्थशास्त्रज्ञानें कामाकडे पाहावें हें योग्यच. पण त्यानें कामाला जरा अधिक माप दिलें असें आम्हांस वाटतें. गाण्यानें दळण लौकर होतें हें खरें मानलें, तरी तेवढ्यासाठीं “हूं हूं” पुरें झालें असतें. भाऊ, माहेर, सासुरवास, पंढरीचा विठोबा हें सर्व त्या पिठांत कशाला हवें होतें ? हेमा राइरकर आणि गी पॉयत्वाँ ह्यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून मिळविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एवढें मोठें वाङ्मय झालें, आणि तें ऐकण्यासाठीं तिकीट काढून कोणी बसलेलें नव्हतें. खुंट्यावरचे दोन हात मात्र एकाच वेळीं फिरत होते.

ह्या एकाच वेळीं फिरण्यांत कांहीं विशेष आहे, हें इतिहासकार विल्यम मॅक्नील ह्यास पुस्तकांत नव्हे, कवाईतींत कळलें. १९४१ सालीं सैन्यांत भरती होऊन टेक्ससच्या माळावर तो पायांत पाय मिळवून चालूं लागला, तेव्हां त्या निरर्थक चालण्यांत आपल्याला एवढें बरें कां वाटतें असा प्रश्न त्यास पडला. १९९५ सालीं त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला : एका तालावर हाललेलीं शरीरें एकमेकांस आपलीं मानूं लागतात. ऑक्सफर्डच्या नाविकांवर २०१० सालीं झालेल्या प्रयोगांत, एकट्यानें वल्हविल्यानंतर जितकी वेदना सोसते त्याहून अधिक, बरोबरीनें वल्हविल्यानंतर सोसते, असें दिसून आलें. श्रम दोन्हीकडे सारखेच होते. आषाढी वारींत टाळ घेऊन चाललेल्या माणसास हें इंग्रजी ग्रंथांतून कळण्याची गरज नाहीं. तालावर हालण्याची ही शक्ति आपल्या जवळच्या नात्यांतल्या वानरांत फारच तुटपुंजी आढळते. उलट स्नोबॉल नांवाचा एक काकाकुवा मात्र गाण्याची गति बदलली तर आपल्या नाचाची गति बदलतो, असें २००९ सालीं सिद्ध झालें. निसर्गाच्या ह्या विनोदाचा उलगडा आम्ही तज्ज्ञांवर सोंपवितों.

परंतु जात्याहून, नावेहून आणि दिंडीहून जुनी एक जागा आहे. माणसाचें मूल जन्मतः इतकें असहाय असतें कीं, माकडाच्या पिलासारखें आईस चिकटून राहणेंहि त्यास जमत नाहीं. आणि आईच्या अंगावर धरण्याजोगे केसहि नाहींत. कामासाठीं हात मोकळे करावयाचे तर मूल खालीं ठेवलें पाहिजे. खालीं ठेवलें तर तें रडणार, आणि रानांत रडणें धोक्याचें. अशा वेळीं हाताची जागा आवाजानें घेतली असावी, असें डीन फॉक ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीनें २००४ सालीं सुचविलें. हें अनुमानच आहे; आदिमानवाच्या आईचा आवाज कोणी टिपून ठेवलेला नाहीं. पण त्यास आजच्या मुलांची साक्ष चांगली मिळते. हंगेरींत २००९ सालीं दोन-तीन दिवसांच्या झोंपलेल्या अर्भकांस ठेका ऐकवून मधली सम गाळली, तेव्हां ती गळल्याची नोंद त्यांच्या मेंदूंत उमटली. आणि माँट्रियल येथील एक प्रयोग, जो २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, तो तर प्रत्येक घरांत वाचावा असा आहे. वर्षाच्या आंतलीं मुलें, आई डोळ्यांआड, घरांतली भाषा फ्रेंच, आणि कानांवर पडणारें गाणें तुर्की. बोलणें ऐकवलें तर मूल चार मिनिटांच्या आसपास रडकुंडीस येई, मग तें बोलणें कितीहि लाडिक असो. गाणें ऐकवलें तर तें सुमारें नऊ मिनिटें शांत राही.

आतां शार्ङ्गदेवाकडे वळूं. ‘संगीतरत्नाकरा’च्या आरंभीं गीताची थोरवी सांगतांना त्यानें देवांचीं आणि गंधर्वांचीं उदाहरणें दिलीं आहेत, तीं कोणीहि दिलीं असतीं. पण त्यांच्या पाठोपाठ तो पाळण्यांतलें मूल आणतो. ज्याला जगांतल्या कोणत्याच विषयाची चव अजून ठाऊक नाहीं असें रडणारें मूल गाणें ऐकतांच हर्षभरित होतें, असा त्याचा आशय आहे. देवगिरीच्या दप्तरांत बसणाऱ्या त्या अधिकाऱ्यानें घरीं गेल्यावर पाळण्याकडे पाहिलें होतें, हें उघड आहे.

पाळण्याकडे डार्विननेंहि पाहिलें होतें, आणि हीच ह्या सर्व इतिहासांतली आम्हांस चटका लावणारी गोष्ट आहे. १८३९ सालीं त्यास पहिला मुलगा झाला, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीची त्यानें टांचणें ठेविलीं. तीं १८७७ सालीं ‘माइंड’ नांवाच्या नियतकालिकांत निबंधरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यांत तो सांगतो कीं, धड शब्द येण्यापूर्वींच मुलाच्या आवाजांत प्रश्नाचा आणि आग्रहाचा चढउतार येई. येथें तो दाराशीं येऊन ठेपला होता. पण लगेच पुढें लिहितो कीं, शब्दापूर्वीं मनुष्य गिबनासारखे स्वर काढीत असावा ह्या आपल्या मतास ह्या निरीक्षणाचा आधार मिळतो. तें त्या वेळीं ध्यानांत आलें नव्हतें. समोर मूल, त्याच्याशीं सुरांत बोलणारी त्याची आई, तीहि पियानो उत्तम वाजविणारी. आणि त्याचें लक्ष रानांतल्या वानराकडे. दहा मुलांच्या ह्या प्रेमळ बापास गाण्याचें मूळ पाहावयाचें होतें, तें शेजारच्या खोलींत रोज संध्याकाळीं चालूं होतें. म्हातारपणीं तर गाण्याची गोडीच त्याला सोडून गेली. गाणें ऐकूं लागलें कीं मन हातांतल्या कामाकडेच अधिक धांवे. पुन्हां जन्म मिळाला तर आठवड्यांतून एकदां तरी थोडी कविता वाचण्याचा आणि गाणें ऐकण्याचा नेम करीन, असें त्यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. तेथेंहि तो ऐकण्याचाच नेम करतो. गाण्याचा विचार त्यास सुचला नसावा, आणि त्याचें कारण आम्हांस चांगलें समजतें.

पाळणा हेंच एक मूळ, असा आमचा आग्रह नाहीं. पाळण्यानें ढोल उलगडत नाहीं, आणि ढोलानें पाळणा. २०२१ सालीं एकाच नियतकालिकांत दोन मोठे प्रबंध शेजारीं शेजारीं छापून आले. एकांत गाण्यानें माणसें जोडलीं जातात ह्यावर सर्व भर. दुसऱ्यांत, मी तुझ्याकडे लक्ष देत आहें असें आई मुलास आणि आम्ही एक आहों असें टोळी परक्यांस गाण्यानें पटवून देते, ह्यावर. वाद चालूं आहे आणि चालूं राहो. मात्र दोन्ही पक्षांच्या उदाहरणांत आतां सभागृह नाहीं, आणि ओठ हलवून गप्प राहावयास सांगणारें कोणी नाहीं.

गेल्या वर्षींची गोष्ट. मुलीचा आठ महिन्यांचा मुलगा एका संध्याकाळीं आमच्यावर सोंपवून घरांतलीं सर्व मंडळी एका लग्नाच्या स्वागतसमारंभास गेलीं. तासाभरानें तो जागा झाला आणि रडूं लागला. दूध झालें, खुळखुळा झाला, खिडकींतला चांदोबा झाला. मोबाइलवर एका नामांकित गायिकेची अंगाई लावली. तो त्या यंत्राकडे क्षणभर पाहून दुप्पट जोरानें रडूं लागला. मग त्याला खांद्यावर घेऊन आम्ही दिवाणखान्यांत येरझारा घालूं लागलों आणि पंचेचाळीस वर्षांनीं तोंड उघडलें. पण एकहि गाणें चालीसकट आठवेना. आठवलें तें शाळेंत सर्व वर्गानें मिळून एका सुरांत म्हटलेलें : बे एके बे. बेचा पाढा संपेपर्यंत तो रडत होता. सातांच्या पाढ्याशीं हुंदके उरले. तेरांच्या पाढ्याशीं त्याची मान खांद्यावर पडली. तरी आम्ही थांबलों नाहीं, कारण पावलें आणि पाढा एकमेकांत गुंतले होते.

मुलगी केव्हां परत आली तें कळलें नाहीं. ती दारांतच उभी राहून हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही गात होतां ?” आम्हीं तिला हातानेंच गप्प राहण्याची खूण केली, आम्ही एकोणतिसांच्या मध्यावर होतों.